चोवीस पॉइंटाचं नाव

माणसाला स्वतःचं नाव केवढं मोठं हवं असतं, ते मला विचारा. पिंपरीत आमचा छापखाना होता. लग्नाची पत्रिका छापायला आलेला एक जरी माणूस "नवरीचं नाव नीट लावा हो" म्हणाला असेल तर शपथ. जो तो आपलं नाव शोधणार, सापडलं की त्याच्यावर बोट ठेवणार, आणि शेजारच्याचं नाव त्याच्यापेक्षा मोठं तर नाही ना, ते बघणार.

छापखाना म्हणजे एक खोली हो. त्यात पायाने मारायचं ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या केसेस आणि मी, शालन. माझे वडील पुण्याला कंपोझिटर होते. त्यांच्या शेजारी उभी राहून मी खिळे जुळवायला शिकले. केसमधल्या खणातून शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, हातातल्या स्टिकमध्ये लावत जायचं, ओळ भरली की पुढची धरायची. माझा नवरा मुरारी कंपनीत पहिल्या शिफ्टला जायचा आणि दुपारी येऊन, जेवून, ट्रेडल मारायचा. बुद्धजयंतीची पत्रकं, युनियनची हँडबिलं, दुकानांची पावतीपुस्तकं, जे येईल ते आम्ही छापायचो. माझ्या तोंडाला धार आहे हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. तरी माणसं यायची, कारण काम चोख असायचं.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. मुरारीच्या खात्यात जयसिंग नावाचा एक फिटर होता, चाकणच्या पलीकडच्या गावचा. पुतणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन तो एका दुपारी आला. सोबत त्याचा मोठा भाऊ साहेबराव. हा गावाकडे शेती बघायचा, डोक्याला कडक इस्त्रीची टोपी. आणि दोघांच्या मागे नवरीची आई, पदर घट्ट ओढून. ती दोघांची थोरली वहिनी. तिचा नवरा सावळाराम, म्हणजे यांचा थोरला भाऊ, पोरगी रांगती असतानाच गेलेला. मी बसायला स्टूल दिलं तर ती त्याच्यावर न बसता कोपऱ्यात कागदाच्या रिमांवर जाऊन टेकली.

मजकूर वाचून पाहिला. कैलासवासी सावळाराम यांची कन्या चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी इंद्रायणी हिचा विवाह, वगैरे वगैरे. मग खाली "आपले नम्र" म्हणून साहेबराव आणि जयसिंग, आणि त्यांच्याखाली ओळीने सगळी भावकी. जिने पोरीला वाढवलं तिचं नाव कुठेच नव्हतं. विधवेचं नाव पत्रिकेत घालायची रीतच नव्हती तेव्हा. मला राग आला, पण असल्या पत्रिका रोजच यायच्या. कुणाकुणाशी भांडणार?

भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून पेटलं. साहेबराव म्हणाला, माझं नाव मोठ्या टाइपात घ्या. जयसिंग म्हणाला, माझं पण. आता मोठा टाइप म्हणजे आमच्याकडे चोवीस पॉइंटाचा काळा. बोटाच्या नखाएवढं ठसठशीत अक्षर, लांबून वाचता येणारं. पण तो आम्ही बंद पडलेल्या एका छापखान्यातून जुना उचललेला. काही अक्षरं मूठभर, काही नावाला. ख तर एकच. आणि या दोघांच्या बापाचं नाव खंडू. साहेबराव खंडू लावलं की जयसिंगचा खंडू लावायला अक्षरच उरत नव्हतं.

मी सरळ सांगितलं, बाप एक आहे आणि ख पण एकच आहे, तेव्हा दोघांची नावं अठरा पॉइंटात घेऊ, तो टाइप भरपूर आहे. ऐकतील तर काय! साहेबरावाचं म्हणणं, गावात मागच्या लग्नसराईत ज्या पत्रिका निघाल्या त्यात घरच्या कर्त्याचं नाव मोठ्या टाइपात होतं, आणि मी कर्ता आहे. जयसिंगचं म्हणणं, छापखाना माझ्या ओळखीचा, लग्नाची निम्मी जबाबदारी माझी, मग मीच बारका का? शेवटी साहेबरावाने ऐकवून टाकलं की त्याचं नाव मोठं आणि माझं लहान आलं तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही. जयसिंगने तेच उलटं फिरवून सांगितलं.

तेव्हा कोपऱ्यातली बाई उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, कायतरी करा. बिनबापाची पोर म्हणून सोयरे आधीच का-कू करीत व्हते. चुलता मांडवात न्हाई दिसला तर लगीन मोडत्याल ते."

एका अक्षरापायी एका पोरीचं लग्न मोडायला निघालं होतं, आणि हे दोन बाप्ये मिशांवर ताव देत बसले होते.

मुरारी नुकताच जेवून हात पुसत आला होता. त्याने तोड काढली. म्हणाला, दोन वेळा छापू. आधी साहेबरावांच्या नावासकट सगळ्या पत्रिका मारू, मग ते खिळे सोडवून त्याच अक्षरांनी जयसिंगचं नाव जुळवू आणि तेच कागद पुन्हा मशीनवर चढवू. काम दुप्पट, पण मी हो म्हटलं. फर्मा बांधला, म्हणजे जुळवलेल्या सगळ्या ओळी लोखंडी चौकटीत पाचरी ठोकून घट्ट बसवल्या. रोलरला लाल शाई लावली आणि नमुन्याला एक कागद काढला. मग नाव बदललं आणि तोच कागद पुन्हा मारला.

दोघं भाऊ त्या प्रूफवर असे वाकले की त्यांची डोकी एकमेकांवर आपटली.

आमचं मशीन म्हातारं. दुसऱ्यांदा मारलेलं नाव पहिल्यापेक्षा केसभर खाली उतरलं होतं. साहेबरावाला ते बघून बरं वाटलं. पण मधे मुरारीने रोलरला ताजी शाई दिली होती, त्यामुळे जयसिंगचं नाव जास्त लालभडक उठलं होतं. झालं! एकाचं म्हणणं मी खाली का, दुसऱ्याचं म्हणणं मी फिका का. मुरारीने कागद सरकवून पाहिला, शाई पुसून पाहिली. दुसऱ्या प्रुफात जयसिंग वर चढला आणि साहेबराव लाल झाला, पत्रिकेत पण आणि तोंडाने पण. जयसिंग म्हणाला, मी निघतो, तुमचं तुम्ही बघा. साहेबरावाने टोपी झटकून डोक्यावर घातली आणि तोही दाराकडे वळला. त्यांची वहिनी दोघांच्या मधे नुसती उभी राहिली. या हाताने एकाला धरावं की त्या हाताने दुसऱ्याला, हे तिला कळेना.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, थांबा दोघं. फर्मा मशीनवरून उतरवून बांधणीच्या दगडावर आडवा घेतला, पाचरी सैल केल्या आणि मोठ्या टाइपातलं नाव चिमट्याने उपसून बाहेर काढलं. म्हटलं, त्याचं नको आणि तुझं पण नको. दोघं अठरा पॉइंटात, एका मापात, एका ओळीत, एकाच वेळी छापणार. पटत असेल तर थांबा, नाहीतर ही पोर उद्या घरी बसली तर सगळ्या चाकणला सांगेन की कशापायी बसली. मुरारी मला डोळ्यांनी खुणावत होता, गिऱ्हाईक आहे, गिऱ्हाईक आहे. मी बघितलंच नाही.

दोघं दारातच थबकले. आणि खरं सांगते, मोठं नाव दुसऱ्यालाही मिळत नाही म्हटल्यावर दोघांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरलाच.

दोघांची नावं मी खालच्या ओळीत अठरा पॉइंटात बसवली, पण वर मोठ्या नावाच्या जागी फर्म्यात आता भलंमोठं भोक पडलं होतं. तसं ठेवून चालत नाही. एका जागी पोकळ राहिलं तर चौकट उचलताना सगळे खिळे खाली सांडतात. तिथे भरायला मी कोरे खिळे शोधू लागले. ती बाई ते सगळं निरखून बघत होती. तिने विचारलं, आता तिथं काय बसवनार? मी म्हटलं, कोरं शिसं. छापलं की ती जागा मोकळीच दिसेल.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "मोकळी कशापायी सोडता? माझं नाव बसवा."

साहेबराव चाचरत म्हणाला की वहिनी, तशी रीत न्हाई, लोक काय म्हनतील.

"पोरगी माझी हाय, बोलावनं माझं हाय," ती म्हणाली. "ज्याला माझं नाव बघून यायचं न्हाई, त्यानं घरी जेवावं."

जयसिंगने भावाकडे पाहिलं, साहेबरावाने जयसिंगकडे. वहिनी थोरली. तिच्याखाली अठरा पॉइंटात उभं राहण्यात कुणालाच कमीपणा नव्हता. आधी जयसिंग म्हणाला, वहिनीचं असंल तर माझी ना न्हाई. मग साहेबराव म्हणाला, माझी तर आधीपासूनच नव्हती. या माणसाला मी काय बोलणार? मला हसूच फुटलं.

मी स्टिक हातात घेतली आणि विचारलं, नाव काय लावू? साहेबराव वर पत्र्याकडे बघायला लागला, जयसिंग खाली चपलेकडे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं हिच्या हातचं खाल्लं, आणि वहिनी सोडून दुसरी हाक कधी मारलीच नव्हती. नाव दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"सोजर," ती स्वतःच म्हणाली. "सोजरबाई सावळाराम."

स चा खण मी हाताने चाचपूनच शोधला, कारण डोळे भरून आले होते आणि समोरचं काही दिसत नव्हतं. पण लागलं सगळं. एकही अक्षर कमी पडलं नाही. मुरारीने फर्मा मशीनवर चढवला, पाय मारला, आणि मी पहिला कागद काढून तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, कुठलं हाय? मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. शाई ओली होती, बोटाला लाल रंग लागला. ती अक्षराअक्षरावरून बोट नेत गेली, शेवटापर्यंत.

"एवढं मोठं हाय व्हय माझं नाव?" तिने विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, पण साहेबराव आधी बोलला. टोपी काढून हातात घेतली होती त्याने.

"हाय की, सोजरवहिनी," तो म्हणाला.