पाहुण्याच्या हातचा नारळ

मित्रांनो, ओळखलेत का मला? जन्मापासून कलंडून उभा आहे, तरी आजवर एकदाही पडलेलो नाही. होय, मी पृथ्वीगोल! आता वय झाले आहे. खऱ्या जगातून केव्हाच पुसले गेलेले दोन-चार देश माझ्या अंगावर अजून सुखाने नांदत आहेत. प्रशांत महासागराचा रंग उडाला आहे आणि आफ्रिकेच्या पोटावर शाईचा डाग पडला आहे. तरीही पनवेलच्या ‘मांडवी एअरवेज’ या विमान कंपनीच्या कचेरीत मला मधल्या टेबलावर मानाची जागा आहे. हा मान मला उगीच मिळालेला नाही. तो कसा मिळाला, तेच आज सांगतो.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे भीमाबाई नावाच्या एक कारागीर होत्या. मोसंबीच्या सालीसारख्या कापलेल्या नकाशाच्या पट्ट्या त्या खळ लावून पुठ्ठ्याच्या चेंडूवर बसवत. एक पट्टी जरा तिरकी गेली, तर पलीकडे एखादा देश दुभंगायचा. माझा एकही देश त्यांनी दुभंगू दिला नाही. पुढे मी पनवेलच्या एका शाळेत आलो आणि कित्येक वर्षे मुलांना दिवस-रात्र कसे होतात ते दाखवले. मग भिंतीवर मोठा पडदा आला आणि मी कपाटावर गेलो. कपाटावरून थेट एस.टी. स्थानकामागच्या भंगाराच्या दुकानात! तिथे मोडक्या पंख्यांच्या ढिगात मी डोके खाली, पाय वर असा पडून होतो. जगाची उलथापालथ म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

तिथून मला उचलले ते अरुंधती कर्णिक यांनी. सगळे त्यांना अरुंधतीताई म्हणत. त्यांनी ओढणीने माझी धूळ पुसली, बोटाने मला एकदा हळूच फिरवले आणि म्हणाल्या, “अरे, तू तर अजून ठणठणीत आहेस!” त्या क्षणापासून मी त्यांचा झालो. मित्रांनो, त्या बाईंचे कौतुक मी किती करू? आवाज कधी चढायचा नाही, पण हाती घेतलेले काम अर्ध्यावर सोडणे त्यांना ठाऊकच नव्हते.

मांडवी एअरवेज तेव्हा लहान कंपनी होती. कमलाकर गुप्ते यांनी ती मोठ्या हौसेने उभारली होती. तिची विमाने देशातल्या देशात उडत. परदेशी जायचे, तर त्यासाठी हक्क मिळवावा लागतो, आणि ते काम अरुंधतीताईंचे होते.

त्यांच्या हाताखाली कोमल कोळी नावाची तरुण अधिकारी आली. उरणची मुलगी, कायदा शिकलेली, जिभेने तिखट. पहिल्याच आठवड्यात तिने विचारले, “ताई, विमान आहे, पायलट आहेत, पॅसेंजर रांगेत उभे आहेत. मग अडतंय कुठे?”

अरुंधतीताईंनी मला पुढे ओढले. “हे बघ. हा आपला देश, हे आखात. मधलं आकाश मोकळं दिसतं, पण विमान उतरणार कुणाच्या तरी दारात ना? म्हणून दोन सरकारं एकत्र बसतात. आठवड्याला तुमची इतकी विमानं, आमची इतकी, असं ठरवतात. मग आपलं सरकार सांगतं, आमच्याकडून ही कंपनी येईल. म्हणजे हक्क देशाचा. आपल्याला तो फक्त वापरायला दिलेला.”

“आणि कंपनीच परक्या माणसाची झाली तर?”

“तर समोरचा देश म्हणू शकतो, आम्ही तुमच्यासाठी दार उघडलं होतं, तिसऱ्यासाठी नाही.”

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे सगळे घोडे इथेच अडले.

ताईंनी किती वर्षे दिल्लीच्या खेपा घातल्या, किती प्रश्नांना उत्तरे दिली, ते मी पाहिले आहे. अखेर आखातातल्या एका बंदराच्या शहरासाठी हक्क मिळाला. त्या दिवशी कोमलने घरून जाळे विणायचा हिरवा दोरा आणला. ताईंनी दोन टाचण्या माझ्या अंगात टोचल्या आणि मधून तो दोरा ताणला. टाचणी टोचली ती जागा थोडी दुखली, पण राजाला मुकुट चढवताना दुखले तर तो ओरडतो का?

त्या दोऱ्यावरून कोण कोण गेले! तळोज्याचे वेल्डर गेले, पनवेलच्या परिचारिका गेल्या, उरणचे खलाशी गेले. कोमलचा भाऊ कल्पेश तिकडच्या बंदरात टगबोटीवर होता. पूर्वी दोन ठिकाणी विमान बदलता बदलता त्याची तुटपुंजी रजा वाटेतच संपायची, म्हणून तो दोन-दोन वर्षे घरी येत नसे. आता सरळ विमान झाले होते. त्याला नुकतीच मुलगी झाली होती आणि विमानांचा नवा हंगाम, म्हणजे पुढच्या सहा महिन्यांचे वेळापत्रक, सुरू झाला की तो तिला बघायला येणार होता.

याच सुमारास पनवेलच्या कुशीत नवा विमानतळ सुरू झाला. कंपनीला नवी विमाने हवी होती आणि त्यासाठी मोठे भांडवल हवे होते. युरोपातली एक बडी विमान कंपनी पुढे आली. तिने मांडवीचा निम्म्याहून थोडा कमी वाटा घेतला. नियमात चोख बसणारा व्यवहार होता. कमलाकररावांचा मुलगा सत्यजीत आता कारभार बघत होता. तो मनाने उमदा, पण आतिथ्याच्या बाबतीत अस्सल पनवेलकर! पाहुणा उठतो म्हणाला तरी हा आणखी एक पुरणपोळी वाढणार.

नव्या विमानाची पूजा ठेवली. मलाही हार घालून चौरंगावर बसवले होते. नारळ घरच्या यजमानाने फोडायचा, ही आपली रीत. कमलाकररावांनी नारळ उचललाही होता. तेवढ्यात सत्यजीतने तो अलगद काढून युरोपच्या कंपनीकडून आलेल्या हेंड्रिक साहेबांच्या हाती दिला. “पाहुण्यांचा मान!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेंड्रिक साहेब गोंधळले, पण आग्रहापुढे कोणाचे चालते? त्यांनी नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र झळकले आणि खाली ओळ होती, ‘नव्या मालकांच्या हस्ते विमानपूजन’.

एवढ्यावर भागले असते तर गंमत म्हणून सोडून दिले असते. पण करारातही सत्यजीतने असाच मान वाढून ठेवला होता. पाहुण्यांच्या होकाराशिवाय वेळापत्रक बदलायचे नाही आणि मुख्य अधिकारीही नेमायचा नाही. ताईंनी तेव्हाच हटकले होते. “अहो ताई, नाहीतरी आपण त्यांना विचारूनच करणार ना? लिहून दिलं तर तेवढंच त्यांना बरं वाटेल,” असे म्हणून तो हसला होता.

छायाचित्र आखातात पोचले. तिथल्या विमान खात्याने करार मागवून वाचला आणि सरळ विचारणा केली, “ही कंपनी चालवतो कोण? याचं समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पुढच्या हंगामाची परवानगी थांबवली आहे.”

त्याच दुपारी कोमलच्या आईचा, रंभाबाईंचा, उरणहून फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकले. “कोमल, तुमचा इमान बंद व्हनार असा बंदरावर बोलतान. खरा हाय का? मंग माजा कल्पेश यंदा पन येत नाय का? पोरीनं बापाचा तोंड पन नाय बगला अजून.” “बघते गं आये,” एवढेच म्हणून कोमलने फोन ठेवला.

सत्यजीत मात्र चिडला होता. “निम्म्याहून जास्त वाटा आपला आहे. मालक आपणच! यांना साधं गणित येत नाही का?”

“गणिताचा प्रश्नच नाही, सर,” कोमल म्हणाली. “आमच्याकडे डोलीची जाळी लावायला समुद्रात खांब रोवतात. कुणी कुठे रोवायचे, ते गावानं ठरवून दिलेलं असतं. आजोबांच्या वेळी एका नाखव्यानं होडीत बाहेरच्या व्यापाऱ्याला भागीदार घेतलं. होडी नावावर याचीच राहिली. पण कधी निघायचं, मासळी कुठे उतरवायची, सगळं व्यापारी सांगायचा. गावानं बैठक बोलावली. म्हणाले, होडी कुणाची ते आम्ही विचारत नाही. होडीवर शब्द कुणाचा चालतो, ते सांग. त्याला सांगता आलं नाही. गावानं जागा काढून घेतली.” तिने आखाताचा कागद सत्यजीतपुढे सरकवला. “हे लोक तेच विचारताहेत.”

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! सत्यजीतचा चेहरा उतरला. चूक त्याला कळली, पण ती सुधारायची कशी हे कळेना. “ताई, दिलेला मान परत मागायचा? आपल्यात असं कुणी करतं का? बाबांना काय वाटेल?”

“मान त्यांच्याकडेच राहू दे,” अरुंधतीताई म्हणाल्या. “मी सुकाणू परत मागणार आहे.”

हेंड्रिक साहेबांना बोलावले. ताईंनी आडवळण न घेता करारातल्या त्या दोन्ही अटी काढायला सांगितल्या. साहेब ताठ झाले. “आम्ही एवढं भांडवल घातलंय. आमचा शब्दच चालणार नसेल, तर आम्ही विकत घेतलं काय?”

मग ताईंनी जे केले, ते आठवले की अजून माझ्या अंगावर शहारा येतो. त्यांनी माझ्या अंगातल्या दोन्ही टाचण्या उपटल्या आणि तो हिरवा दोरा साहेबांच्या तळहातावर ठेवला.

“घ्या. आता हा तुमच्या नावानं परत बांधून दाखवा. आमच्या आणि त्यांच्या देशामधला रस्ता तुमची कंपनी चालवू शकेल का?”

साहेबांनी दोऱ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. विमान व्यवसायात मुरलेला माणूस तो. उत्तर त्यांना पाठ होते.

“नाही,” ते हळूच म्हणाले.

“तुम्हाला ही कंपनी हवीशी वाटली ती या रस्त्यांमुळे. विमानं काय, कुठेही मिळतात. पण तुम्ही मूठ आवळलीत की हे रस्तेच उरत नाहीत. तुमचेही नाहीत आणि आमचेही नाहीत.”

साहेबांनी दोरा ताईंच्या हाती परत ठेवला. मग ते हसले. “खरं सांगू? तो नारळ मला फोडायचा नव्हता. तुम्ही सगळ्यांनी इतका आग्रह केलात की मला वाटलं, मी मालक व्हावं अशी तुमचीच इच्छा आहे!” सत्यजीत कानापर्यंत लाल झाला. साहेबांनी आपल्या मुख्य कचेरीशी भांडून दोन्ही अटी काढायला लावल्या. मोठ्या मनाचा माणूस, मित्रांनो. हाती आलेले सोडायला कमावण्यापेक्षा जास्त बळ लागते.

पण अट कागदावरून जाते तशी सवय मनातून जाते का? आखाताच्या खात्याचे दोन अधिकारी स्वतः पनवेलला आले. लांब टेबलाभोवती सगळे बसले. मी मधोमध होतो. कमलाकरराव काठी टेकून कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. कोमल नखे कुरतडत होती. नवे कागद वाचून झाले. मग त्यांच्यातल्या वयस्कर अधिकाऱ्याने फाईल मिटली आणि सत्यजीतला सहज विचारले, “उद्या वादळ आलं आणि विमान थांबवायचं झालं, तर आधी फोन कुणाला करता?”

सत्यजीतने तोंड उघडले आणि त्याची मान आपसूक हेंड्रिक साहेबांकडे वळू लागली. माझा तर आसच हलला! अरुंधतीताईंनी डोळे मिटून घेतले.

हेंड्रिक साहेब मात्र खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी इकडे बघितलेच नाही, मुद्दाम बघितले नाही.

सत्यजीतची मान अर्ध्यावर थांबली. तो सरळ बसला. “कुणालाच नाही,” तो म्हणाला. “मी थांबवतो. प्रवासी आमचे आहेत, जबाबदारी माझी आहे. भागीदारांना मागाहून कळवतो.”

कोपऱ्यात कमलाकररावांनी उपरण्याने डोळे पुसले. अधिकाऱ्याने मान डोलावली.

परवानगी मिळाली. ताईंनी तो हिरवा दोरा माझ्या अंगावर पुन्हा ताणला आणि मधल्या टेबलावरची ही मानाची जागा कायमची माझी झाली. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात कल्पेश उतरला. कोमलने कचेरीत सांगितले, की मुलीने बापाला पाहून जे भोकाड पसरले ते थांबेचना आणि कल्पेशचा चेहरा एवढासा झाला. तेव्हा रंभाबाई म्हणाल्या, “ररूंदे तिला. ररायला का व्हईना, बाप समोर तं हाय!”

मित्रांनो, शाळेचे मैदान, गावची विहीर, नदीचा घाट, आकाशातली वाट यांतले काहीच आपल्या एकट्याचे नसते. विश्वासाने कोणीतरी ते आपल्या हाती सोपवलेले असते. घरी पाहुणा आला तर त्याला पाट द्या, पहिली पोळी त्याच्या पानात वाढा, त्याच्याकडून चार गोष्टी शिका. पण तुमच्या दारात उभे राहून कोणी विचारले, “इथे शब्द कुणाचा चालतो?” तर उत्तरासाठी पाहुण्याच्या तोंडाकडे बघावे लागेल, अशी वेळ स्वतःवर येऊ देऊ नका.