सागास नालायक

साक्रीच्या वरच्या अंगाला वना नावाच्या शेतकऱ्याची आठ बिघे जमीन होती. म्हणजे मालकी सरकारची. नांगर, घाम आणि बैलांना घातलेल्या शिव्या तेवढ्या वनाच्या. पट्टा दरसाल नवा करून घ्यायचा, सगळ्या गावाचं बापापासून असंच चाललेलं. चोपन्न साली जंगलखात्याचे रेंजरसाहेब आले.

"आता इथे साग लावायचा," ते म्हणाले. "यंदा बाजरी पेरा, पण ओळीआड सागाचं बी टोबा. उगवलं तर जमीन जंगलात जाईल. नाही उगवलं तर 'सागास नालायक' असा शेरा मारतो, मग जमीन तुम्हीच कसा."

नालायकीत या गावाचा हात धरणारं कोणी नव्हतं. सगळे निर्धास्त झाले.

गार्डाने घरोघर बियांची पोती टाकली. बोराएवढ्या टणक गोट्या. पण त्या उगवणार नाहीत यावर वनाचा भरवसा बसेना.

"याले माराले जोयजे," तो बायकोला म्हणाला.

"मी मारस. तुम्ही नुसतं देखा," भिकुबाई म्हणाली.

तिने बी कढत पाण्यात बुडवलं, उन्हात तापवलं, आठ दिवस शेणाच्या खड्ड्यात गाडलं. पुन्हा वाळवून खळ्यावर बैलांकडून तुडवून घेतलं.

"इतला मार ते पोलीसबी नही देतस, वहिनी," शेजारचा पुना म्हणाला. त्याने आणि बाकी गावाने पोतं फोडून बी तसंच टोबलं.

पोळ्यापर्यंत गावभर नुसती बाजरी डोलत होती. वनाच्या वावरात पत्रावळीएवढ्या पानांचा साग असा माजला, की आत शिरलेली म्हैस तिसऱ्या दिवशी सापडली.

रेंजरसाहेबांनी वनाची पाठ थोपटली आणि वही काढली. "बियांचं काय केलंत ते सांगा. पुढच्या साली सगळ्या गावाला तसंच करायला लावतो."

वनाने भिकुबाईकडे पाहिलं. मार खाल्ला म्हणूनच हे बी उठलं, हे दोघांनाही एकदमच कळलं. मागे सगळं गाव उभं होतं.

"काही नही, साहेब. बी कोरडं ठेवलं. हातबी नही लावला."

"मग यांचं का नाही उगवलं?"

"आमनी जमीनच तशी शे, साहेब," पुना मान खाली घालून म्हणाला.

साहेबांनी दोन्ही गोष्टी नीट लिहून घेतल्या.

वनाच्या आठ बिघ्यांना तारेचं कुंपण पडलं. पुनाने आपल्यातले दोन बिघे त्याला कसायला दिले. अट एकच घातली: पेरणीच्या दिवसांत भिकुबाईने बियाण्याकडे रागाने बघायचं नाही.