पाच खाचांचा व्हॉल्व्ह

त्या दिवशी परत आलेल्या खोक्यात त्रेचाळीस व्हॉल्व्ह होते. आमचा कारखाना लहान आहे. गीझरवर बसणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, ही एकच वस्तू आम्ही वडिलांच्या काळापासून करत आलो आहोत. टाकीतला दाब सात बारच्या वर गेला की त्याने उघडून पाणी सोडायचे. न उघडल्यास टाकी फाटू शकते. धंदा दादा पाहतो, चाचणीची खोली माझ्याकडे आहे. भौतिकशास्त्र शिकून ही शेवटी पाणी गळतं का ते बघते, असे वहिनी म्हणते. वर्णन चुकीचे नाही.

त्रेचाळीसपैकी चौतीस नकली निघाले. यात नवीन काही नव्हते. नकली माल अकरा ग्रॅमने हलका असतो, त्यामुळे तराजूवरच निकाल लागतो. शिक्का, डबा, डब्यावरचा आमचा पत्ता, सगळे तंतोतंत. पण त्या चौतिसांतले सहा उघडल्यावर मी चष्मा पुसला आणि मिस्त्रींना हाक मारली.

मिस्त्री आमचे साचे करतात. वडिलांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी आतली चकती चिमट्याने उजेडात धरली.

"ताई, हा तर आपला फिरता."

"खाचा मोजा."

त्यांनी मोजल्या. "पाच."

"फिरता" हे आमच्या तीन वर्षांच्या कामाचे घरगुती नाव. पाण्यात क्षार जास्त असतील तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी पांढरा थर बसतो, चकती चिकटते आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. मी चकतीला सहा तिरप्या खाचा दिल्या. उघडताना पाण्याच्या जोरावर ती किंचित फिरते आणि स्वतःचे तोंड स्वतःच पुसते. हा व्हॉल्व्ह आम्ही अजून एकालाही विकलेला नव्हता.

"कटर मोडला होता," मिस्त्री म्हणाले. "तुम्हीच म्हणालात, चाचणीपुरत्या पाच चालतील."

"म्हणाले होते."

"मग बघा. आपली चूकसुद्धा त्यांनी मन लावून केलीय. असा कामगार मला मिळाला नाही."

आमच्याकडे वडिलांपासूनचा एक नियम आहे. कोणताही नवा नमुना आधी बारा घरांत वर्षभर बसवायचा, मगच साचा टाकायचा. पाच खाचांचे बारा नमुने मी बारा प्लंबरांकडे दिले होते. वर्षाने अकरा परत आले. बारावा प्लंबर म्हणाला, गिऱ्हाइकाने घर बदललं, व्हॉल्व्ह हरवला. मी वहीत "हरवला" असे लिहिले आणि पुढच्या ओळीवर गेले. ज्या बाईला दुकानदाराचा तराजूही पटत नाही, तिने एवढी एक गोष्ट निमूटपणे मान्य केली. आमच्या काळजीचे ते वर्ष दुसऱ्या कुणाच्या तरी कामी आले.

पुढचे चार दिवस मी मोजमाप केले. सहाही नकली फिरते चाचणीच्या पंपावर चढवले. सुरुवातीला ते सातच्या आसपास व्यवस्थित उघडले, चकत्याही फिरल्या. तीनशे वेळा उघडझाप झाल्यावर स्प्रिंग सैल पडली, रबर फुगले आणि पाच बारलाच गळती सुरू झाली. कल्पना शाबूत होती, माल भिकार होता. मग राहिलेले नऊ असली व्हॉल्व्ह, म्हणजे आमचेच जुने, त्याच पंपावर घेतले. सहा ठीक होते. उरलेले तीन मात्र अकरा बारपर्यंत उघडलेच नाहीत. तिघांच्याही तोंडाशी पांढरा थर होता. मी चाचणी तीनदा केली. आकडा हलला नाही.

कागद घेऊन मी दादाकडे गेले. त्याच्या टेबलावर चमकत्या होलोग्रामच्या पट्ट्या पसरल्या होत्या.

"विक्रेत्यांचे फोन येतायत," तो म्हणाला. "ते फिरणारं मॉडेल बंद करा, महिन्याभरात गळतं. काय सांगू त्यांना? जे आम्ही आणलंच नाही ते बंद कसं करू?"

"मग आणू या. सहा खाचांचं, आपल्या स्प्रिंगचं."

"त्या नावाची पार माती झालीय. आता खरा आणला तरी लोक म्हणतील, तोच तो गळका. आणि समज, चालला. दीड महिन्यात त्यांचा माल आपल्या शेजारी मांडलेला असेल. तू तीन वर्षं डोकं लावायचंस, त्यांनी एक व्हॉल्व्ह खोलून बघायचा. दमलो गं मी."

"आणि हे तीन?"

"कोणते?"

"असली आहेत. अकरा बारलाही उघडले नाहीत."

त्याने कागद वाचला. तो वाचतो, हे मला मान्य करावे लागेल.

"लोक समजतात, बिघडला म्हणजे नकली," तो हळू म्हणाला. "आपण काही सांगावंही लागत नाही."

या वाक्यात लबाडी नव्हती, नुसता थकवा होता. नकली मालाने आमचा किती खप बुडाला याचे तक्ते दादाकडे आहेत. त्याच नकली मालाने आम्हाला सुधारणा न करण्याची किती सोय करून दिली, याचा तक्ता कुणी केलेला नाही.

दादाने महिन्याच्या मालाचे प्रमाणपत्र माझ्याकडे सरकवले. त्यावर माझी सही लागते.

"नवा असताना, स्वच्छ पाण्यात, सातवर उघडतो. एवढंच लिहिलंय," तो म्हणाला. "खोटं आहे का?"

"नाही. पण डब्यावर एक ओळ हवी. पाण्यात क्षार असतील तर व्हॉल्व्ह दरवर्षी बदलावा."

"नाही तर?"

"नाही तर सही तुझ्या होलोग्रामलाच करायला सांग."

"दरवर्षी बदलावा," त्याने पुटपुटून पाहिले. "विक्रेत्यांना आवडेल हे." त्याने छपाईवाल्याला फोन लावला. ओळ शब्दशः लिहून घेतल्याचे कानांनी ऐकल्यावरच मी सही केली. खरी माहिती डब्यावर गेली. ती कोणत्या कारणाने गेली, याची तक्रार करण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती.

मी दाराशी पोचले तेव्हा त्याने विचारले, "मिस्त्री परवा घरी आले होते म्हणे. गीझरचं काहीतरी करून गेले."

"व्हॉल्व्ह बदलला. तुमच्याकडचं पाणी वाईट आहे."

"कोणता बसवला?"

नवा कटर आल्यावर मिस्त्रींनी दोनच नग केले होते. एक पंपावर होता, अठराशे वेळा उघडून अजून सातवर ठाम.

"सहा खाचांचा," मी म्हणाले.

दादाने होलोग्रामची एक पट्टी नखाने उचकटली, परत दाबून बसवली. ती नीट चिकटली नाही.

"चालतोय?"

"चालतोय."

"मग असू दे," तो म्हणाला आणि पुढची पट्टी हातात घेतली.