माझ्या कोपऱ्यातली पुडी

मित्रांनो, मी घोंगडी. जुनी म्हणालात तरी राग नाही. पूर्वी मला भिंतीला टेकवलं की मी उभी राहायची, आता टेकवलं की बसते. पण ऐन उमेदीत मला जाळायचं ठरलं होतं. माझा गुन्हा एवढाच, की माझ्या मालकाचे पाय माझ्याखाली होते.

वसमत तालुक्यातल्या मेंढरांच्या एका घरी माझा जन्म झाला. माणसंही तिथंच राहत. लोकर काळ्या मेंढ्यांची, सूत नर्मदाबाईंच्या हातचं. चिंचोक्याची खळ पिऊन मी इतकी ताठ झाले होते, की मला पांघरलेला माणूस तंबूत उभा असल्यासारखा दिसे. मालक दगडोबा, नर्मदाबाईंचे नवरे. त्यांच्याबरोबर मी थंडी-पाऊस झेलला, काटे झेलले, आजारी कोकरंही वाहिली.

"ही घोंगडी न्हाई, दुसरी बायकोच हाय," ते कौतुकानं म्हणत.

"मंग भाकरी बी तिलाच थापाया लावा," नर्मदाबाई म्हणत.

दगडोबांना दमा होता. बाजारातल्या एका पुडीवाल्यानं त्यांना पांढरी भुकटी दिली आणि अट घातली: या औषधाची वाच्यता कुणापाशी करायची नाही, केली की गुण जातो. आमच्याकडे ही अट कोर्टाच्या हुकमापेक्षा कडक. दगडोबांनी पुड्या माझ्या कोपऱ्यात बांधल्या. रोज एक. दमा पळाला, चेहरा गोल झाला. लोक म्हणाले, तब्येत भरली. वर्षं सरली, परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला, पुडी चालूच राहिली.

मग पायावर डाग उठले. आधी घोट्याजवळ, मग पोटरीवर. पिकल्या जांभळाच्या रंगाचे. मेंढरांच्या पाठीवर खूण करायला हुरमुंज नावाचा तांबडा रंग लावतात. तोच सांडला असेल म्हणून दगडोबांनी पाय दगडानं घासले. डाग गेले नाहीत, कातडी गेली. पुढं डागांना उंची आली, तोंडात टाळूवरही एक उगवला. दगडोबा पाय माझ्याखाली ओढून बसू लागले.

बस स्टँडच्या भिंतीवर तेव्हा एड्सची पाटी रंगवलेली होती. शेजारच्या सोजराबाईंना वाचता येत नव्हतं, पण चित्र पुरेसं भीतिदायक होतं.

"तोच रोग हाय," त्या म्हणाल्या. "ती घोंगडी आधी जाळा."

दगडोबांचा मुलगा हनुमान सेनगावच्या बाजूला जीप चालवायचा. त्यानं रक्त तपासून आणलं. एड्स नव्हता. गावाला हा निकाल आवडला नाही. पुन्हा तपासलं, पुन्हा नव्हता.

"मशीन बिघडलं असंल," सोजराबाई म्हणाल्या.

शेवटी गावाला भिऊन हनुमाननं बापाचं ताट वेगळं केलं, अंथरूण मेंढरांच्या वाड्यात हलवलं. वाड्याच्या कडेला मला जाळायला तुराट्या रचल्या गेल्या. त्या वाळत होत्या आणि मी बघत होते. मेंढरं तेवढी दगडोबांना टेकून बसत. त्यांना पाटी कळत नव्हती.

शेवटी नर्मदाबाईंनी हनुमानला जीप काढायला लावली. नांदेडला डॉक्टर रेवती यांनी डागाचा मोहरीएवढा तुकडा काढून तपासायला धाडला. नाव परदेशी निघालं: कापोसी सार्कोमा, एक प्रकारचा कॅन्सर. एड्सच्या रोग्यांत होतो, पण यांना तर एड्स नाही. मग आला कुठून? डॉक्टरबाईंनी तो गोल चेहरा बराच वेळ न्याहाळला.

"आजोबा, कुठलं औषध चालू आहे?"

"न्हाई."

"दम्याला काही?"

"दमा व्हता. गेला."

"कशानं?"

"आपोआप."

नर्मदाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. दगडोबांनी माझा कोपरा मुठीत आवळला.

"अवो, सांगा की."

"गप. बोललीस तर गुण जाईल. दम अडकून हितंच मरंन मी."

"पोरानं ताट येगळं केलं, गावानं घोंगडी जाळाया काढली. आता कंचा गुण राहिलाय जायाचा?"

आणि त्या माउलीनं नवऱ्याची बोटं एकेक करून उकलली, दातांनी माझ्या कोपऱ्याची गाठ सोडली, पुड्या टेबलावर ठेवल्या. दगडोबांनी डोळे मिटले. पुढचा श्वास येणार नाही याची त्यांना खात्री होती. मलाही होती.

श्वास आला.

पुडीत स्टेरॉइड निघालं; चेहरा गोल झाला होता तोही त्यानंच. त्यानं शरीराची राखण झोपवली होती, म्हणून आत दडलेला विषाणू वर आला होता. औषध एकदम तोडायचं नाही, शरीराला धक्का बसतो. डॉक्टरबाईंनी ते मोजूनमापून, हळूहळू उतरवलं. दम्याला ओढायचा पंप दिला. प्रत्येक उतरत्या गोळीला दगडोबा भ्याले, तरी डाग फिके पडत गेले. दोन राहिले घोट्यावर. त्यांच्यावर बाई अजून नजर ठेवून आहेत.

हनुमाननं वाड्यातलं अंथरूण स्वतः उचलून घरात आणलं, बापाच्या ताटात जेवला. त्या तुराट्यांवर नर्मदाबाईंनी भाकरी भाजल्या. माझ्या कोपऱ्यात आता पंप असतो, आणि दगडोबा तो न विचारताही दाखवतात.

मित्रांनो, आजाऱ्याचं पांघरूण जाळण्याआधी त्याच्याजवळ बसून बघा. आणि डॉक्टरांनी विचारलं, तर पुडीसुद्धा औषध असते, ती सांगा. मी हे उगाच म्हणत नाही. परवा सोजराबाई माझ्यावरच येऊन टेकल्या, गुडघ्यांचं कौतुक करत.

"अगदी मोकळे झाले बघ," त्या म्हणाल्या.

त्यांचा चेहरा गोल झाला होता. नर्मदाबाईंची भाकर तव्यावर करपली.

"सोजरा," त्या हळूच म्हणाल्या, "पदराला काय बांधलंय?"

सोजराबाईंनी पदर मुठीत आवळला.