दोन्ही बाजूंचा साक्षीदार

घरात तिला सगळे वकीलीण म्हणायचे, आणि ते काही नुसतं कौतुकानं नव्हे. दूध का प्यायचं इथपासून झोपायचंच कशाला इथपर्यंत प्रत्येक गोष्टीवर पोरीचं म्हणणं तयार. अशा मुलीला वर्गात वाद घालायला मिळतोय म्हटल्यावर तिनं नाचायला हवं होतं. पण विषयाची चिठ्ठी उघडली आणि तिचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. सत्तरीनंतर माणसाला गाडी चालवू द्यावी का?

तिचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, बहात्तर वर्षांचे. जन्मभर टॅक्सी चालवलेला माणूस. आई औषधांच्या दुकानात सकाळी लवकर जायची, त्यामुळे नातीला शाळेत सोडणं हे आजोबांचं काम. गाडीत दोघांच्या गप्पा अशा रंगायच्या की शाळा यावी असं दोघांनाही वाटायचं नाही. दोनेक महिन्यांपासून तर आजोबा मोठा चौक सोडून लाँड्रीवरून, पोस्टावरून लांबचा वळसा घालायला लागले होते. आपल्याशी जास्त बोलता यावं म्हणून, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आणि का ठरवू नये? लाडकी नात होती ती.

आता वर्गाच्या बाईंची पद्धत ऐका. एकाच मुलानं दोन्ही बाजू मांडायच्या. आधी एका खुर्चीत बसून एक, मग उठून समोरच्या खुर्चीत बसून दुसरी. दोन्ही वेळा जीव तोडून बोलायचं, हातचं काही राखायचं नाही. शिवाय दोन्ही बाजूंना एकेक जिवंत साक्षीदार हवा, त्याच्या सहीच्या कागदासकट. नुसते पुस्तकातले आकडे नेले की बाई वही न उघडताच परत करायच्या. वाद ऐकायला पालकांनाही बोलावणं असायचं.

पहिला साक्षीदार घरातच होता. चाळीस वर्षांत एकही अपघात नाही, असं आजोबांनी लिहून दिलं आणि ऐटीत सही ठोकली. दुसऱ्यासाठी मात्र पोरीनं सगळा गाव पालथा घातला. चष्मेवाला म्हणाला, गिऱ्हाइकांबद्दल मी बोलत नाही. बसच्या ड्रायव्हरनं तिलाच उलटं विचारलं, तुझ्या आजोबांविरुद्ध लिहून देऊ होय? दोन दिवसांवर वाद आला आणि ती स्वयंपाकघरात रडकुंडीला येऊन बसली.

आजोबा शेंगा सोलत होते. हातातली शेंग त्यांनी सोलून संपवली. मग हात पुसून म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा. घे कागद, लिही."

त्यांनी सांगितलं ते तिनं लिहिलं. उजव्या डोळ्याच्या कडेनं त्यांना आता दिसत नाही. मोठ्या चौकात त्या बाजूनं एक सायकलवाली बाई आली होती, ती त्यांना दिसलीच नाही. तिनं ओरडून हातानं बॉनेट बडवलं म्हणून वाचली. त्या दिवशी नात मागे बसली होती, वहीत डोकं घालून. आजोबांनी तिला सांगितलं होतं, कुत्रं आडवं आलं. चौक टाळायला लागले ते तेव्हापासून.

म्हणजे लांबचा रस्ता गप्पांसाठी नव्हताच. हे वर्गात वाचलं तर आई ऐकणार, आणि आईनं ऐकलं की गाडी बंद, सकाळ बंद. तिनं कागद चुरगाळायला घेतला. आजोबांनी तो तिच्या हातातून काढून घेतला, मांडीवर सरळ केला आणि सही केली. ही सही काही ऐटीत झाली नाही. आईला हे तोंडावर सांगायला आपली जीभ रेटत नाही, तू वाच, एवढंच ते म्हणाले.

वादाच्या दिवशी आई तिसऱ्या बाकावर होती, शेजारी आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून. पहिल्या खुर्चीत वकीलिणीनं धमाल उडवून दिली. म्हाताऱ्या माणसाची गाडी म्हणजे त्याचे पाय, ते काढून घेणारे तुम्ही कोण, असं तिनं ठणकावून विचारलं. टाळ्या पडल्या. मग ती उठून दुसऱ्या खुर्चीत बसली आणि कागद मांडीवर उलटा ठेवला. बाईंनी विचारलं, या बाजूला साक्षीदार नाही का? नाही म्हटलं असतं तर फार तर गुण गेले असते. तिनं आजोबांकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली, गाडी सुरू करताना हलवायचे तशीच.

तिनं वाचलं. एकही शब्द गाळला नाही. खालचं नाव वाचताना तेवढा आवाज चिरकला. एकाच माणसाची सही दोन्ही कागदांवर बघून बाईंनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या.

बाहेर आल्यावर आजोबांनी खिशातून किल्ली काढून लेकीपुढे धरली. लेकीला ती घेववेना. तिचे डोळे भरून आले होते.

"बाबा, तुम्हीच मला शिकवलंत ना," ती म्हणाली, "ज्याला वेळेवर थांबता येतं तोच खरा ड्रायव्हर."

"मग घे की," आजोबा म्हणाले. "थांबलो."

दुसऱ्या दिवशी आजोबा आणि नात पायी निघाले. कोपऱ्यावर आल्यावर आजोबा सवयीनं लाँड्रीकडे वळले आणि मध्येच थबकले. आता चौकातूनच जाऊ, म्हणाले. पायी जाताना मान वळवून नीट बघता येतं, वळसा घालायचं आता काही कारण उरलं नाही.

"तुमच्या बाजूनं नसेल," वकीलीण म्हणाली, "माझ्या बाजूनं आहे."

आणि त्यांचा हात धरून तिनं त्यांना लाँड्रीच्या रस्त्याला लावलं, स्वतः त्यांच्या उजव्या बाजूनं चालत.