अठराव्या वर्षानंतर

...पिवळा गोल, त्यात दोन काळे ठिपके, आणि खाली वर वळलेली एक रेघ — म्हणजे आनंद. शेजारच्या चित्रपत्त्यावर तीच रेघ खाली वळलेली — म्हणजे दुःख. प्लास्टिकमध्ये बंद केलेले ते पत्ते भिंतीवरच्या खिळ्याला दोऱ्याने टांगलेले होते, आणि रिफअत एकेक उलटून पाहत होता तेव्हा त्याचे गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकले होते, कारण त्या खोलीतली प्रत्येक खुर्ची सहा वर्षांच्या माणसाच्या मापाची होती. राग, भीती, आश्चर्य... संपलं? ज्या चेहऱ्यांपुढे तो सत्तेचाळीस वर्षं गोंधळून उभा राहिला — विभागप्रमुखाचा, लग्नाला नकार देताना गोड बोलणाऱ्या बापांचा, भावाच्या दफनानंतर हात दाबून ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्यांचा — त्यांतला एकही या संचात नव्हता. अम्मानमध्ये एका रेघेत कुणी हसत नाही.

“मुलगा कुठाय?” टेबलामागच्या तरुण बाईने विचारलं. तिच्या छातीवर सिहाम असं नाव होतं.

“कोणता मुलगा?”

“ज्याच्यासाठी आलात तो. पळाला की काय बाहेर? पळतात हो, दार ओढून घ्यायचं असतं.”

“तो मीच.”

ती हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. “डॉक्टरसाहेब, आमच्याकडे अठराव्या वर्षी नाव कमी होतं.”

“का? अठराव्या वर्षी स्वमग्नता बरी होते?”

“नाही हो.”

“मग माणूस मरतो?”

“अल्ला न करो! काय बोलता...” ती मनापासून ओशाळली. आयांचा गट रविवारी बसतो, ती म्हणाली, पण तो आयांचा. महिन्यातून एकदा एक तज्ज्ञ बाई येतात, त्या मोठ्यांनाही भेटतात, सल्ला देतात, नोकरीत कसं निभवायचं, गर्दीत काय करायचं — फक्त सोबत घरचं माणूस लागतं. लहानपणापासून पाहिलेलं. “तुम्ही कसे वागता ते त्यांनी सांगायचं.”

“ते मीच सांगू शकतो.”

“तुम्ही सांगाल हो,” सिहाम मायेने म्हणाली, “पण तुम्हाला कसं कळणार?”

टेकडीच्या पायऱ्या चढताना तो हे वाक्य, एखादा संशयास्पद पाठ तपासावा तसं, पुन्हा पुन्हा तपासत राहिला, आणि त्यात लेखनिकाची चूक कुठेच सापडेना. ते प्रामाणिक होतं. तीन आठवड्यांपूर्वी मनोविकारतज्ज्ञानेही असंच प्रामाणिकपणे त्याचं अभिनंदन केलं होतं — आता तुम्हाला उत्तर मिळालं! — आणि उभं राहून हात पुढे केला होता, म्हणजे भेट संपली. एवढं रिफअतला शिकवलेलं होतं. इतिहासाचा अभ्यासक म्हणून वीस वर्षं तो जुन्या इस्पितळांची वक्फपत्रं वाचत आला होता. ज्यांनी स्वतःच्या पुतण्यांचे डोळे काढले असतील अशा सुलतानांनी त्या दानपत्रांत लिहून ठेवलं होतं की बरा होऊन निघणाऱ्याला अंगावर कपडे द्यावेत, आणि लगेच कामाला जुंपून घ्यावं लागू नये एवढं पदरी बांधावं. दाराबाहेर पडलेल्या माणसालाही पोट असतं आणि भय असतं, हे त्या रक्ताळलेल्या डोक्यांना सुचलं होतं. आजच्या सुशिक्षित, दयाळू, परिषदा भरवणाऱ्या डोक्यांना अठराव्या वर्षापलीकडचा माणूस सुचत नव्हता... आणि यावर एक टिपण लिहावं, थंड, संदर्भांनी गच्च, असं त्याच्या मनात आलं आणि बरं वाटलं. रागाला निदान तळटीपा तरी देता येतात.

घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याच्या खुर्च्या उतरत होत्या. आज अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर पुतणीला, रंदला, मागणी घालायला जाहा येणार होती — मुलाकडच्या वडीलधाऱ्या पुरुषांचा जथा — आणि रंदचा बाप नसल्यामुळे उत्तर द्यायचं ते काकाने, म्हणजे रिफअतने.

“आलात! आणि हा काळा सूट कशाला? मयत आहे का कुणाची?” रंदची आई, मैसून वहिनी, स्वयंपाकघरातून म्हणाली. ती त्याच्या मावशीचीच मुलगी; त्याला चड्डीत असल्यापासून पाहिलेली. “निळा घाला. आधी बसा. उजळणी. ते आले की?”

“दारात उभं राहायचं. सगळ्यांत म्हाताऱ्याला मधली जागा.”

“मग?”

“कॉफी. तो पेला समोर ठेवील, पिणार नाही. मागणं मान्य होईपर्यंत कुणीच पिणार नाही.”

“तो बोलताना कुठं बघायचं?”

“छातीकडे.”

“भुवयांकडे! छातीकडे बघितलंत की त्याला वाटतं बटण तुटलंय. मग?”

“‘कॉफी घ्या. ज्यासाठी आलात ते तुमचं झालं.’”

“बस्स. पुढे वक्फ नको, सुलतान नकोत. मागे त्या लग्नात नवरदेवाच्या बापाला सांगितलंत, की तुमचं आडनाव गाढवं भाड्याने देणाऱ्यांचं.”

“ते खरं होतं.”

“खरं होतं म्हणूनच तर तो दोन वर्षं बोलला नाही!”

ती हसत होती, म्हणून त्याला वाटलं ही वेळ बरी. त्याने सांगितलं — मनोविकारतज्ज्ञाने केलेलं स्वमग्नतेचं निदान, आजचं केंद्र, सोबत लागणारं माणूस. वहिनीने हात पुसले आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

“कुणाकुणाला सांगितलंत?”

“तिथल्या बाईला.”

“आडनावासकट?”

“तिने विचारलं.”

“या अल्ला.” ती पाटावर बसली. “आज, भाऊजी? आजच? ही माणसं रक्ताची चौकशी करतात. मुलीच्या घरात कुणाला काय आहे, मुलं कशी निपजतील... आणि मी त्या केंद्राच्या दारात उभी दिसले तर?”

“मग लग्न झाल्यावर जाऊ.”

“लग्न झाल्यावर मी कुठाय इथे?” तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जी कुठल्याच पत्त्यावर नव्हती. “रंद गेली की वर तुम्ही, खाली मी, मधे कुणी नाही. बिनलग्नाचा दीर आणि विधवा भावजय! माझा भाऊ इर्बिदहून न्यायला येणार. तुमच्या मनातसुद्धा आलं नाही हे?”

नव्हतं आलं.

“आणि ती बाई काय शिकवणार तुम्हाला?” वहिनी उठत म्हणाली, थोडी रागाने, थोडी दुखावल्यासारखी. “मी सांगते की.”

...आणि आता पेला टेबलावर होता. मुलाचा आजोबा, हाजी अबू मिस्बाह, आपलं मागणं मांडून थांबला होता. या घराची अब्रू, या घराचं निर्मळ रक्त, सगळं यथासांग झालं होतं. खोलीभर पुरुष, पुढ्यात न प्यायलेली कॉफी, आणि सगळे त्याच्याकडे पाहत होते. रिफअतने भुवया पाहिल्या. आयुष्यात प्रथमच भरल्या बैठकीत त्याला घाम फुटला नव्हता, कारण इथे प्रत्येकाला वाक्य नेमून दिलेलं होतं; एकही माणूस स्वाभाविक वागत नव्हता, आणि ज्यांनी त्याला जन्मभर ‘जरा मोकळा हो’ म्हणून छळलं तेच हे सगळे आज पाठ केलेल्या शब्दांना लटकून श्वास रोखून बसले होते — हे त्याला क्षणभर सूडाइतकं गोड वाटलं. त्याने तो क्षण लांबवला. त्यांनी ते भारदस्तपणा समजून माना किंचित झुकवल्या.

पण दार अर्धवट लोटलेलं होतं, आणि त्यामागे वहिनीचा श्वास होता. तिथेच ती नेहमी असते... त्याच्या भावाच्या, म्हणजे तिच्याच नवऱ्याच्या, मयतीच्या दिवशी, डोळे सुजलेले असताना, त्याच फटीतून ती त्याला म्हणाली होती, ‘रुमाल डोळ्यांना लावा, भाऊजी, लोक बघतायत’ — स्वतःचं रडणं थांबवून. मुलाखतीच्या आधी, ईदच्या भेटीआधी, विभागप्रमुखाच्या घरच्या जेवणाआधी. आता उठा. आता विचारा त्यांची मुलं कशी आहेत. आता पुरे. सकाळी ज्या सोयीसाठी तो बुटक्या खुर्चीवर गुडघे मुडपून बसला होता ती खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं चालू होती, बिनपगारी, बिननावाची, आणि ती आज बंद करायचं वाक्य त्याच्याच तोंडी दिलेलं होतं. तिनेच दिलेलं होतं. त्याने वाचलेल्या एकाही दानपत्रात दात्याचं नाव गाळलेलं नव्हतं. तिचं नाव गाळण्याचं काम त्याने एकट्याने केलं होतं. सकाळपासून इतका नीट रचलेला राग — केंद्रावरचा, तज्ज्ञावरचा, शतकावरचा — त्याला आता उभं राहायला जागाच मिळेना.

“कॉफी घ्या,” तो म्हणाला. “ज्यासाठी आलात ते तुमचं झालं.”

पेले उचलले गेले. आतून बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्या उठल्या, पाठीवर थापा पडल्या, कुनाफ्याच्या मिठाईची परात फिरली, आवाज सगळीकडून एकदम अंगावर आले. त्या गलबल्यात अबू मिस्बाहने त्याचा हात धरला आणि जवळ ओढून, उजळणीत कुठेच नसलेला प्रश्न विचारला.

“पोर आम्ही नेणार. वहिनी भावाकडे चालली म्हणतात. मग डॉक्टर, तुझ्यापाशी कोण?”

फटीतून कुजबूज आली, स्पष्ट, नेहमीसारखी वेळेवर: “‘अल्ला आहे’, म्हणा.”

बरोबर उत्तर होतं. म्हातारा ‘बेशक’ म्हणाला असता, आणि भेट पुढे सरकली असती. रिफअतच्या ओठांनी ते पकडलंही... आणि सोडलं. दुसरं उत्तर आत कुठेतरी उभं होतं, ‘कुणी नाही’, दोनच शब्दांचं, खरं, आणि त्याच्या पाठोपाठ बाकीचं सगळंच येणार होतं — रंदचं लग्न, वहिनीची वीस वर्षं, भिंतीवरचे पत्ते. हे बोलावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. म्हाताऱ्याचा हात उबदार होता, जड होता, आणि तो सुटायची वाट पाहत नव्हता. दारामागे आता काहीच हालत नव्हतं. तीही थांबली होती, पहिल्यांदाच, त्याच्या तोंडून काय येतंय ते न कळून. त्याला भीती वाटत होती. पण ती कुणी सांगितलेली नव्हती, आणि तिच्यात उभं राहता येत होतं.