आतल्या खोलीतला परदेश

नवऱ्याने आतल्या खोलीच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत ‘परदेश’ असं लिहिलं, हात झटकले आणि बायकोला दाराकडे बोट दाखवलं.

“निघा.”

“अरे, पण आत्ता आठ वाजतायत. पोरीची आंघोळ राहिलीय, दूध तापायचंय...”

“विमान थांबत नाही, बाईसाहेब.”

नाट्यगृहात पडद्यामागची व्यवस्था बघण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. रंगीत तालीम झाल्याशिवाय पडदा वर जाऊ द्यायचा नाही, हा त्याचा धर्मच. बायको पाच महिन्यांसाठी परदेशी जाणार म्हटल्यावर त्याने घराचीही तालीम लावली. एक अख्खा दिवस ती घरात नाहीच असं समजायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा दार बंद. दुपारी चारला एकच फोन.

“आणि बाथरूम?”

“परदेशात असतं. ह्या खोलीलाही आहे.”

सासूबाईंनी तिच्या हातात डबा दिला. “विमानातल्या खाण्याचं काही खरं नसतं म्हणतात,” त्या अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. “पोहोचलीस की कळव हो.”

आणि साडेचार वर्षांची लेक, हनुवटीवरच्या तिळामुळे जिला सगळे ठिपकी म्हणत, ती दोन्ही हात हलवून ओरडली, “टाटा आई! येताना मोठ्ठं काहीतरी आण!”

दार लागलं.

आत पलंगभर पसारा होता. उघड्या बॅगेच्या भोवती कपड्यांचे ढीग, औषधांची पिशवी, आणि हरवू नये म्हणून मोज्यात घातलेला पासपोर्ट. जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात ती फाटके नकाशे आणि वाळवी लागलेली पत्रं दुरुस्त करी. पिठाची विरळ खळ, बारीक ब्रश आणि फुंकरीने उडेल असा पातळ कागद, एवढ्यावर तिचा संसार. परदेशातल्या एका मोठ्या संग्रहालयाने पाच महिने शिकायला बोलावलं तेव्हा ती अख्ख्या घरभर नाचली होती. मग एकेक दिवस जवळ येऊ लागला, तसा तो आनंद गळक्या नळासारखा थेंब थेंब ओसरत गेला.

तिच्या फोनमध्ये चार दिवसांपासून एक पत्र लिहून ठेवलेलं होतं. ‘घरगुती कारणामुळे मला येणं शक्य होणार नाही.’ पाठवलं नव्हतं. घरात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. सकाळी दात घासता घासता तिने स्वतःशीच ठरवलं होतं: आज ठिपकीने दारापाशी येऊन रडून हाक मारली, की ते पत्र पाठवायचं. नाही मारली, तर बॅगेची चेन लावायची.

ती दाराला पाठ टेकून खाली बसली आणि कानात प्राण आणून ऐकू लागली.

“बाबा, हा आजीचा मोजा आहे.”

“आजचा दिवस तुझा.”

मग दूध उतू गेल्याचा वास आला. तिचा हात आपोआप कडीकडे गेला.

“बाबा, गेलं, गेलं!”

“गेलं ते गेलं. उरलंय ते पी.”

स्वयंपाकघरात तिने तीन पानं भरून सूचना लावल्या होत्या. दुधाचं पहिल्याच पानावर होतं, खाली दोन रेघा मारून. जरा वेळाने सासूबाईंचा आवाज आला, “हे सगळं वाचून होईपर्यंत पोर लग्नाची होईल रे!” आणि टर्रकन कागद निघाल्याचा आवाज.

मग वेणीची वेळ झाली. आता मात्र ठिणगी पडणार, याची तिला खात्री होती.

“आजी, आई अशी नाही बांधत.”

“आई परदेशात आहे. इथे आजीचं राज्य.”

तिने दाराला कान चिकटवला.

“मग एक तुझ्यासारखी बांध. आणि एक आईसारखी.”

दुपारपर्यंत दाराकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. तिला बरं वाटायला हवं होतं. पण मनात कुठेतरी कुसळ टोचत राहिलं. अगं, एकदा तरी ये ना. आली तर जायचं राहील, आणि आली नाही तर... तिने वैतागून डबा उघडला. दोन उकडलेली अंडी, पाव, मीठ-मिऱ्याची पुडी. तळाशी घडी करून घातलेला कागद ओळखीचा वाटला. ते तिच्या सूचनांचं तिसरं पान होतं; म्हणजे ते सकाळी डबा भरतानाच उतरलं होतं. ती एकटीच खुदकन हसली आणि दोन्ही अंडी खाऊन टाकली.

चार वाजता तिने फोन लावला. भिंतीपलीकडे घंटी वाजली.

“आई, तिकडे रात्र आहे ना?”

तिने खिडकीबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे पाहिलं. “हो गं. चांदणं पडलंय.”

“मग झोप की!” ठिपकीने फोन ठेवून दिला.

पाचाच्या सुमाराला दाराखालून कागदाचं टोक सरकलं. पलीकडून आरोळी आली, “टपाल!”

चित्र होतं. लांबच लांब विमान, आणि खिडकीत केस पिंजारलेली एक बाई. निम्मं आत आलं आणि अडकलं. तिने हलकेच ओढलं. तिकडून ठिपकीने सोडलंच नव्हतं. तीही ओढत होती.

चर्रर्र.

दोघींच्या हातांत अर्धं अर्धं विमान आलं.

ह्या घरात काहीही फाटलं की काय होतं, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं. पुस्तकाचं पान असो नाहीतर खोक्याचं झाकण, ठिपकी भोकाड पसरून आईकडे धावायची, आणि खळ लागल्याशिवाय तिचं तोंड मिटायचं नाही. आताही दारापलीकडे तो लांब श्वास आत गेला. रडण्याआधीचा. तो किती लांब असतो, हे फक्त तिलाच माहीत होतं. एक, दोन, तीन... तिने कडीवर हात ठेवला. दुसऱ्या हातात फोन होता.

“फाटलं,” ठिपकी म्हणाली.

“अरेरे,” नवऱ्याचा आवाज आला. “आता गं काय करायचं?”

“आता काय! आई आली की जोडेल.” आणि पावलं धपधप पळाली. “आजी, मला पाव दे. जाम लावून!”

कडीवरचा हात खाली यायला बराच वेळ लागला. मग तिने फोनमधलं ते पत्र उघडलं, एकदा वाचलं आणि पुसून टाकलं. कपड्यांचे ढीग भराभर बॅगेत गेले. चेन शेवटच्या कोपऱ्यावर अडली, तशी ती बॅगेवर चक्क बसली आणि लावली.

सहा वाजता नवऱ्याने बाहीने ‘परदेश’ पुसलं आणि दार उघडलं.

“प्रवास कसा झाला?”

सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “किती वाळलीस गं! तिकडे काही खातबित होतीस की नाही?”

शेगडीवर दुधाचे डाग करपले होते. ठिपकीच्या एका पायात घोट्यावर लोळणारा आजीचा मोजा होता, आणि दोन वेण्यांपैकी एक कानावर, एक मानेवर. लेकीला उचलून आईने दोन्ही वेण्यांचे मुके घेतले. मग फळीवरून खळीची वाटी आणि बारीक ब्रश काढला आणि आपला अर्धा कागद टेबलावर ठेवला.

“आण गं तुझा तुकडा. जोडून टाकू.”

ठिपकीने तुकडा आणला. पण टेबलावर ठेवला नाही. छातीशी धरून ती वाटीकडे बघत राहिली, मग आईकडे.

“आत्ता नाही.”

“का गं?”

“तू अजून गेलीच कुठे आहेस?”

नवऱ्याने उगाचच खडू शोधायला सुरुवात केली. सासूबाई करपलेली शेगडी घासायला वळल्या.

तिने आपला अर्धा कागद मोज्यात, पासपोर्टाशेजारी, जपून सरकवला. मग खळीची वाटी उचलून मोरीत नेली आणि स्वच्छ धुऊन पालथी घातली. खळ पाच महिने टिकत नाही. आल्यावर ताजी शिजवावी लागणार होती.